पुढील शिक्षणाची निवड आणि प्राथमिक शिक्षक

परीक्षा संपते, शाळा सोडल्याचा दाखला लिहून होतो, आणि विद्यार्थी आपल्या हातून गेला असे शिक्षक समजतो. पुढे तो कोणत्या शाळेत जातो, कोणते विषय घेतो, कोठे अडतो, याची विचारपूस करणे हे माध्यमिक शाळेचे व पालकांचे काम आहे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात खेड्यातील स्थिती निराळी आहे. दहावीचा निकाल लागला म्हणजे धानकरी बाप मुलाला घेऊन प्रथम येतो तो गावातल्या गुरुजींकडे. "गुरुजी, आता याला काय शिकवू?" हा त्याचा प्रश्न असतो. त्या प्रश्नाला त्या दिवशी जे उत्तर मिळेल, त्यावर त्या घराची पुढील तीस वर्षे अवलंबून राहतात. हे उत्तर माहितीच्या आधारे आणि वेळेवर देता यावे, यासाठी हा लेख लिहिला आहे.

जिल्ह्यातील शिक्षणाची वाट

भंडारा जिल्ह्यात उच्च शिक्षणाची सोय फार जुनी नाही. नागपूर विद्यापीठाची स्थापना ऑगस्ट १९२३ मध्ये झाली. तथापि त्यानंतरही अनेक वर्षे पदवीचे शिक्षण घ्यावयाचे म्हणजे नागपुरास जाऊन राहणे हाच मार्ग होता. घरची शेती बरी असेल किंवा शहरात कोणी नातलग असेल, त्यासच हे साधे. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्थेची स्थापना केली. गोंदिया त्या काळी भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. मनोहरभाईंना स्वतःला फारसे शालेय शिक्षण मिळाले नव्हते. अशा माणसाने उभारलेल्या संस्थेमुळे भंडारा येथील जे. एम. पटेल महाविद्यालय, तुमसर येथील एस. एन. मोर महाविद्यालय आणि साकोली येथील एम. बी. पटेल महाविद्यालय खेड्यांतील मुलांच्या आवाक्यात आले. सकाळच्या एस. टी.ने जाऊन संध्याकाळी घरी परतता येते, एवढ्याच गोष्टीमुळे कितीतरी मुलामुलींचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण शक्य झाले.

तेव्हा वाट तयार झाली आहे. अडचण उरते ती निराळी. वाट कोणती, ती कोठे फुटते, फाट्यावर कोणती कागदपत्रे दाखवावी लागतात आणि फाटा चुकला तर परत फिरता येते की नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. शहरातील मुलास हे शेजारी सांगतात. खेड्यातील मुलास ते शिक्षकाने सांगावे लागते.

नोंदवहीतील एक ओळ

पुढील शिक्षणाच्या मार्गदर्शनाचा आरंभ दहावीत होतो असे नव्हे. तो पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी, दाखल-खारीज नोंदवहीत होतो. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे व आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात या नोंदी आपण ज्या अक्षरांत लिहितो, त्याच अक्षरांत त्या पुढे प्रत्येक दाखल्यावर उतरत जातात. आडनावातील एक वेलांटी चुकली, किंवा जातीचे पूर्ण नाव न लिहिता बोलीतील रूप लिहिले, तर त्या वेळी कोणाच्याच लक्षात येत नाही. बारा वर्षांनी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या वेळी जात प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा वडिलांच्या दाखल्यावर एक शब्द आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरा, असा भेद उघड होतो. शाळेत असताना चूक दुरुस्त करणे सोपे असते. शाळा सोडल्यानंतर ते अतिशय अवघड होते.

या संबंधात शिक्षकांनी काही तारखा ध्यानी ठेवाव्यात. जातीच्या दाव्यासाठी कुटुंबाचे महाराष्ट्रातील वास्तव्य पाहताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक मानले जातात. या दिनांकांपूर्वीचा पुरावा पुष्कळ कुटुंबांकडे नसतो. शेतीचा सात-बारा नाही, घराचा कागद नाही, अशा भूमिहीन कुटुंबाचा एकमेव पुरावा म्हणजे आजोबांच्या नावाची शाळेतील नोंद. आपल्या जिल्ह्यात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषद अस्तित्वात येण्यापूर्वी ग्रामीण शाळांचा कारभार जनपद सभांकडे होता. त्या काळातील व त्याहूनही जुन्या नोंदवह्या कित्येक शाळांच्या कपाटात आहेत. त्यांस वाळवी लागू नये, पावसाळ्यात छपराचे पाणी त्यांवर पडू नये, ही काळजी कारकुनी समजू नये. ज्या वहीची पाने आपण आज जपतो, त्या पानांवर उद्या गावातील एखाद्या मुलीचा प्रवेश ठरावयाचा असतो.

अभ्यासाची सवय

विद्यार्थी पुढे कोणतीही शाखा घेवो, त्यास अभ्यास कसा करावा हे आले पाहिजे, आणि ती सवय प्राथमिक शाळेतच लागते. आपले बहुतेक विद्यार्थी अभ्यास म्हणजे धडा पुनःपुन्हा वाचणे असे समजतात. पाचव्यांदा वाचताना धडा ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटतो म्हणून तो आला असा भ्रम होतो. परीक्षेत पुस्तक मिटलेले असते, तेव्हा हा भ्रम दूर होतो. पण तोपर्यंत वेळ गेलेली असते.

हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये आपले स्मरणविषयक प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, त्या काही काळाने पुन्हा पाठ करावयास किती श्रम पडतात, हे तो मोजीत असे. त्यास असे आढळले की, विस्मरण सर्वांत वेगाने पहिल्या काही तासांत होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो. एका दिवसानंतर पूर्वीच्या श्रमांपैकी सुमारे एकतृतीयांशच श्रम वाचत होते. अर्थपूर्ण धडा निरर्थक अक्षरांइतका लवकर विसरला जात नाही. परंतु विस्मरणाची चाल तीच असते.

यावर उपाय काय, याचे उत्तर अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या दोन संशोधकांच्या २००६ मधील प्रयोगात मिळते. त्यांनी विद्यार्थ्यांस काही उतारे दिले. एका वेळी उतारा दुसऱ्यांदा वाचावयास सांगितले. दुसऱ्या वेळी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहावयास सांगितले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दुसऱ्यांदा वाचण्याचा लाभ थोडा अधिक दिसला. आठवड्यानंतर चित्र उलटले. पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातील सुमारे ४२ टक्के भाग, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील सुमारे ५६ टक्के भाग स्मरणात राहिला होता.

आपल्या शाळांस ही गोष्ट सर्वस्वी नवी नाही. संध्याकाळी दिवेलागणीला पाढे म्हणण्याची जी पद्धत होती, तिचे बळ यातच होते : पुस्तक समोर नसे, आठवण मनातून काढावी लागे आणि रोज काढावी लागे. हेच तत्त्व सर्व विषयांस लावता येते. तासाच्या अखेरीस पाच मिनिटे पुस्तके मिटवून आजच्या धड्यातील तीन गोष्टी पाटीवर लिहावयास सांगाव्यात. दुसऱ्या दिवशी तासाच्या आरंभी कालच्या धड्यावर दोन प्रश्न विचारावेत. शनिवारी आठवड्याची व महिनाअखेर महिन्याची उजळणी याच रीतीने घ्यावी. यासाठी पैसा लागत नाही, साधने लागत नाहीत आणि गुणही द्यावे लागत नाहीत. चुकले तर रागावू नये. चुकलेले त्याच वेळी दुरुस्त करून द्यावे, एवढे पुरे.

आपल्या भागात रोवणीच्या व धानकापणीच्या दिवसांत हजेरी घटते. मोठी मुले बांधीत जातात, लहान भावंडांना सांभाळण्यासाठी मुली घरी राहतात. या दिवसांत नवा व कठीण घटक रेटू नये. झालेल्या भागाची उजळणी ठेवावी. परतलेल्या मुलास 'तू मागे पडलास' असे न म्हणता नेमके काय राहिले ते लिहून द्यावे.

शिष्यवृत्त्या व प्रवेश परीक्षा

पाचवीच्या विद्यार्थ्यांसाठी जवाहर नवोदय विद्यालयाची परीक्षा असते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार स्थापन झालेल्या या निवासी विद्यालयांत सहावीसाठी प्रवेश मिळतो, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. परीक्षा दोन तासांची व १०० गुणांची असून तीत बौद्धिक क्षमतेस ५०, अंकगणितास २५ व भाषेस २५ गुण असतात. येथे पुस्तकी पाठांतराचा उपयोग थोडा. आकृती नीट पाहणे आणि उतारा समजून वाचणे यांचा उपयोग अधिक.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पूर्वी ती चौथी व सातवीस होती, २०१७ पासून पाचवी व आठवीस घेतली जाऊ लागली. इयत्तांविषयी शासनाचे निर्णय बदलत आले असल्यामुळे त्या त्या वर्षाची अधिसूचना पाहूनच विद्यार्थी बसवावेत.

गरीब कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, आणि तरीही पुष्कळदा दुर्लक्षित राहणारी, परीक्षा म्हणजे आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा. २००८ मध्ये ही योजना सुरू झाली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असलेल्या व शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तीत बसता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता व शालेय विषय अशा ९० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. महिन्यास हजार रुपये ही रक्कम शेतमजुराच्या घरात लहान नव्हे. मुलाला शाळेतून काढून कामास लावावयाचे की नाही, हा निर्णय तेवढ्यावर फिरू शकतो.

दहावीनंतरच्या वाटा

दहावीच्या निकालानंतर आपल्याकडे एक ठराविक पद्धत दिसते. गुण चांगले पडले की विज्ञान, मध्यम पडले की वाणिज्य किंवा कला, आणि कमी पडले की औद्योगिक प्रशिक्षण संस्था. जणू काय शाखा म्हणजे गुणांप्रमाणे वाटावयाची बक्षिसे होत! निवड करताना तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात : विद्यार्थ्यास कोणते काम करावयास आवडते व जमते, त्या कामासाठी कोणते शिक्षण लागते, आणि घरची स्थिती पाहता तो किती वर्षे शिकू शकतो.

विज्ञान शाखेत विषयांची निवड काळजीपूर्वक करावी. गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट बहुतांशी बंद होते. जीवशास्त्र सोडले की वैद्यक, पशुवैद्यक व परिचर्येच्या पदवीची वाट बंद होते. ज्याचा निश्चय झालेला नाही आणि ज्याची कष्टाची तयारी आहे, त्याने दोन्ही विषय ठेवणे हिताचे. कला शाखेस दुय्यम मानू नये. बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम आणि पदवीनंतरच्या स्पर्धा परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास मोकळ्या आहेत.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एक किंवा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यातील विद्यावेतनासह प्रशिक्षण, ही लवकर मिळवते होण्याची वाट आहे. तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर तीन वर्षांची असते. पुढे अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो. म्हणजेच ज्या घरास पदवीपर्यंतचा खर्च एकदम झेपत नाही, त्याने पदविका घेऊन, काही काळ नोकरी करून, पुन्हा शिक्षणाकडे वळावे, अशी सोय आहे. ही गोष्ट पालकांस आवर्जून सांगावी. कारण पदविका घेतली म्हणजे पदवी कायमची गेली, असा समज फार पसरलेला आहे.

आपल्या जिल्ह्याचा विचार करूनही काही शिक्षणक्रम सुचविता येतील. हा तलावांचा व धानाचा जिल्हा आहे. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले धानाचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. हे केंद्र ज्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे आहे, त्याची स्थापना १९६९ मध्ये अकोला येथे झाली. ज्या मुलाने लहानपणापासून बांधीतील कीड पाहिली आहे, त्यास कृषी पदवीचा अभ्यास परका वाटणार नाही. तलावांवर उपजीविका करणाऱ्या कुटुंबातील मुलांस नागपूर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयाची माहितीच नसते; ती द्यावी. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत, भंडाऱ्यानजीक जवाहरनगर येथे आयुध निर्माणी आहे. या उद्योगांस विद्युतकार, जोडारी, यंत्रदुरुस्ती अशा व्यवसायांतील प्रशिक्षित माणसे लागतात.

पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांची संख्या प्रत्येक गावात मोठी आहे. त्यांच्या परिश्रमांचे कौतुक करावे. परंतु पहाटे धावण्याबरोबर पदवीचा अभ्यासही चालू ठेवावा, असा आग्रह धरावा. भरतीची वयोमर्यादा उलटून गेली आणि हाती केवळ बारावीचे प्रमाणपत्र राहिले, अशी वेळ कोणावरही येऊ नये. ज्यांस महाविद्यालयात जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे.

जो विद्यार्थी दहावीत एका-दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला, त्याच्याकडे शिक्षकाने प्रथम जावे. त्यास अकरावीत सशर्त प्रवेशाची सवलत आहे, आणि पुरवणी परीक्षाही त्याच वर्षी होते. त्यास या दोन्ही गोष्टी त्याच दिवशी समजल्या पाहिजेत. निकालाच्या संध्याकाळी घरी आलेला शिक्षक त्या मुलास जन्मभर आठवतो.

मुलींचे शिक्षण

२००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षे वयापर्यंत लागू आहे. त्यापुढे कायद्याचे बंधन नाही, आणि नेमक्या याच वयात मुलीची शाळा गावाबाहेर जाते. समजा, एका मुलीने सातवीपर्यंत गावात शिक्षण घेतले. पुढील शाळा सहा किलोमीटरवर आहे. रस्ता जंगलाकडून जातो. बाप शिक्षणाचा शत्रू नसतो. त्यास भीती वाटत असते. अशा वेळी शिक्षणाचे महत्त्व सांगणारे व्याख्यान निरुपयोगी ठरते. त्याच गावातील चार मुली एकत्र जातील अशी व्यवस्था करणे, बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेतून एस. टी.चा मोफत पास मिळतो हे सांगून अर्ज भरून देणे, आणि बसची वेळ शाळेशी जुळत नसल्यास ग्रामपंचायतीमार्फत आगारास लिहिणे, ही कामे उपयोगी पडतात.

२०२४-२५ पासून राज्य शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींस, केंद्रीभूत प्रक्रियेने व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची पूर्ण माफी दिली आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे व पुढे ती इतरांसही लागू झाली. "मुलीला शिकविण्यास पैसा नाही" असे जेथे म्हटले जाते, तेथे ही माहिती पोहोचली आहे काय, हे प्रथम पाहावे.

पालकांशी बोलताना

शिक्षकाने निर्णय देऊ नये. निर्णयास लागणारी माहिती द्यावी. विद्यार्थी, आई व वडील या तिघांशी एकत्र बोलावे. आईस वगळू नये. घरातील खर्चाची खरी कल्पना तिलाच असते. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींवर भाळून शेत गहाण टाकण्याची वेळ आली असेल, तर स्पष्ट शब्दांत सावध करावे. आपणांस एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर 'चौकशी करून सांगतो' असे म्हणण्यात कमीपणा नाही. चुकीचा सल्ला मात्र भरून काढता येत नाही.

वर्षभरात करावयाची कामे

१. जून-जुलै : नव्या प्रवेशाच्या नोंदी जन्मदाखल्याशी व पालकांच्या कागदांशी ताडून पाहाव्यात. गतवर्षी शाळा सोडलेले सर्व विद्यार्थी पुढील शाळेत दाखल झाले काय, याची यादी करावी.

२. ऑगस्ट-सप्टेंबर : रोवणीनंतर परतलेल्या मुलांचा राहिलेला भाग भरून काढावा. नवोदय व शिष्यवृत्ती परीक्षांच्या अधिसूचना पाहून पालकांची सभा घ्यावी.

३. ऑक्टोबर ते डिसेंबर : जात, उत्पन्न व अधिवास यांच्या दाखल्यांसाठी लागणारी कागदपत्रे कोणाकडे नाहीत ते पाहावे. हे दाखले निकालानंतरच्या गर्दीत काढू नयेत.

४. जानेवारी ते मार्च : गावातील दहावी-बारावीच्या मुलांस शाळेची एक खोली संध्याकाळी अभ्यासास द्यावी.

५. एप्रिल-मे : तेंदूपाने व मोहफुले वेचण्याच्या दिवसांत घरोघर भेटी द्याव्यात आणि पुढील प्रवेशाविषयी बोलावे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. तेव्हा पसंतीक्रम भरताना विद्यार्थ्याजवळ जाणते माणूस असावे.

धानाचे पऱ्हे वेळेवर उपटून रोवावे लागतात. फार कोवळे असताना उपटले तर तग धरीत नाहीत. फार दिवस ठेवले तर फुटवे येत नाहीत. हे आपल्या गावातील प्रत्येक शेतकऱ्यास माहीत आहे, आणि मुलांच्या शिक्षणाची गोष्ट त्यास याच भाषेत सहज पटते. दाखल-खारीज वहीच्या शेवटी एक कोरे पान ठेवून, आपल्या शाळेतून गेलेला प्रत्येक विद्यार्थी आज कोठे शिकतो, हे त्यावर दरवर्षी लिहीत जावे. ज्या नावापुढे काहीच लिहिता आले नाही, त्या घरी त्याच आठवड्यात जाऊन यावे.